आधी कुणाला सांगितलं

सरकारी बंगला
४ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. बंगल्यावरच्या फोनला कोण कोण कान लावून बसलेलं असतं कुणास ठाऊक, म्हणून ह्यांनी घरच्यांना सक्त ताकीद दिली आहे. महत्त्वाचं असेल ते पत्रानं कळवा, नाहीतर पोटात ठेवा. पोटात ठेवणं तुम्हाला कितपत जमतं ते मी सांगायला नको, तरी कळवते.

तुमचे बंधू येत्या सोमवारी मंत्रिपदाचा राजीनामा मुख्यमंत्र्यांच्या, म्हणजे थोरल्यांच्या, हातात ठेवणार आहेत. पक्षात काय चाललंय ते तुम्ही पेपरात वाचतच असाल. अर्थमंत्री अकरा आमदार घेऊन वेगळी चूल मांडायच्या बेतात आहेत, थोरले मुख्यमंत्रिपदाची खुर्ची घट्ट धरून बसलेत, आणि दोघांनाही हे आपल्याच बाजूला हवेत. रोज एक जण इकडून तिकडे जातो आणि जेवायच्या वेळेला परत येतो. अशा चिखलात उभं राहण्यापेक्षा बाजूला झालेलं बरं, असं ह्यांचं मत पडलं. हे सगळं त्यांनी मला चहा घेताना अगदी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं. कपातल्या चहावर साय धरली तरी बोलतच होते.

तुम्हाला अजून काही बोलले नसतील. वाईट वाटून घेऊ नका. एवढ्या गडबडीत माणूस आधी घरात सांगतो, मग बाहेर.

तुमची भावजय

ता. क. तुम्ही विणलेला करडा मफलर धोब्याकडे हरवला. ह्यांनी त्यापायी घर डोक्यावर घेतलं होतं. पण दुसरा विणत बसू नका, मी दुकानातून चांगला मऊ आणलाय.

*

छापखाना
८ फेब्रुवारी

चि. सौ. बाईसाहेबांस आशीर्वाद.

बाईसाहेब म्हटलं म्हणून रागावू नकोस. तुझ्या दारातले शिपाई म्हणतात तेच मी म्हणते.

तू इतक्या कळवळ्यानं बातमी दिलीस आणि मला मेलं हसूच आलं. अगं, बाळ मागच्या महिन्यात पुलाच्या उद्घाटनाला इकडे आला होता ना, तेव्हाच मला सगळं सांगून गेला. गाड्यांचा ताफा रस्त्यावर ठेवला, आत आला, बूट काढले आणि लहानपणी बसायचा तसा कागदाच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसला. मी लग्नपत्रिकेचे खिळे जुळवत होते. मोठं मशीन आलं तरी पत्रिकेला आमच्याकडे अजून शिशाचं एकेक अक्षर हातानं लावतात, तुला ठाऊक आहे. म्हणाला, "आक्का, कंटाळा आलाय. सोडून द्यावंसं वाटतं." पुढचं तुला कशाला सांगू? तुला तो बोललाच असेल. मुद्देसूद.

'आधी घरात सांगतो' हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. वडील गेले तेव्हा बाळ कॉलेजात होता. तेव्हापासून या छापखान्याचं दार मी रोज सकाळी उघडते आहे, म्हणून तो शिकला आणि साहेब झाला. पहिल्या निवडणुकीचं त्याचं पत्रक मी जुळवलं. नाव मोठं दिसावं म्हणून पोटमाळ्यावरचे मोठे लाकडी खिळे काढून धुतले. तेव्हा तुझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. तेव्हा घर कुठलं आणि बाहेर कुठलं, ते जरा जपून लिहावं.

मफलर हरवला हे वाचून नवल वाटलं नाही. दुसरा विणायला घेतलाय. दुकानातला गळ्याला टोचतो त्याला.

तुझी वन्सं

*

सरकारी बंगला
१२ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना नमस्कार.

काल राजीनामा दिला. थोरल्यांनी वाचला, घडी घातली आणि "विचार करतो, थोडं थांबा" म्हणाले. तेव्हापासून फाटकाबाहेर वार्ताहरांची ही गर्दी. माळ्याला झाडांना पाणी घालता येत नाही, कारण पाइप उचलला की कॅमेरे चमकतात. पेपरात आमचा दोघांचा फोटो आलाय, कात्रण सोबत पाठवते. ह्यांचा चेहरा माझ्या खांद्याआड अर्धाच दिसतो, पण साडीचा काठ छान आलाय.

तुमचा कागदाचा गठ्ठा मात्र मला पटला नाही. तिकडून आले तेव्हा हे मला म्हणाले होते, की आक्काकडे पाचच मिनिटं टेकलो, ती कागदवाल्याशी भांडत होती, धड बोलणंसुद्धा झालं नाही. पाच मिनिटांत कागदवाल्याचं भांडणही होतं आणि राजीनामाही होतो, म्हणजे कमालच म्हणायची.

एकदाचं स्पष्टच लिहिते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या घरात तुम्ही नसताना जास्त असता. आमटीत मीठ कमी पडलं की "आक्काच्या हातची" निघते. भाषण चांगलं झालं की "आक्काला फोन लावा". आजारी पडले की तापात तुमचं नाव घेतात. मी उशाशी बसलेली असते, पट्टी बदलत असते, आणि नाव तुमचं. मला राग येतो. येतो म्हणजे येतो. निदान ही एक गोष्ट ह्यांनी आधी मला सांगितली, तर त्यातही तुम्ही गठ्ठा घेऊन हजर.

असो. राजीनाम्यानंतर काय करायचा विचार आहे, हे ते तुमच्याशी बोलले का? मला माहीत आहेच. पण तुम्हाला कितपत सांगितलंय ते बघावं म्हणून विचारते.

तुमच्या भावाची बायको

*

छापखाना
१६ फेब्रुवारी

चि. सौ. बाईसाहेबांस आशीर्वाद.

कात्रण पोचलं. काठ छान आहे. माणूस दिसत नाही.

कितपत सांगितलंय विचारतेस ना? सोबतचं पत्रक बघ. आपल्या छापखान्याची रीत तुला माहीत नसेल म्हणून सांगते. निवडणुकीचा निकाल लागायच्या आधीच आम्ही 'विजयाबद्दल आभार' आणि 'प्रेमाबद्दल आभार' अशी दोन्ही पत्रकं जुळवून ठेवतो. निकाल लागल्यावर जुळवायला बसलं तर गावभर दुसऱ्याची पत्रकं लागलेली असतात. तसं हे तयार ठेवलं. वाच जरा:

'मंत्रिपद सोडून कायमचे घरी परतलेल्या आपल्या माणसाचे गावच्या वेशीवर जाहीर स्वागत.'

त्याखाली त्याचं नाव, त्याच लाकडी खिळ्यांत. कायमचे घरी, बघितलंस? तो इकडे येणार आहे. मला बोललाय. वरची खोली झाडून घेतली, खिडकीची कडी बदलली. तू तिकडे राहा हवं तर, तुला बंगल्याची सवय झाली आहे. त्याला घराची आहे.

आणि तापातल्या नावाचं वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तुझी वन्सं

*

सरकारी बंगला
२० फेब्रुवारी

वन्सं,

राजीनामा मंजूर झाला. संध्याकाळच्या बातम्यांत ऐकलंच असेल.

काल हे घरी आले आणि बूट न काढता दिवाणखान्यात बसून राहिले. मी पाणी दिलं, ते हातात धरून बसले. मग एवढंच म्हणाले, "तो परत करायचा असतो गं."

वन्सं, तो राजीनामा द्यायचा नव्हताच. थोरल्यांनी तो नाकारायचा, सगळ्यांदेखत ह्यांचा हात धरून बसवायचं, ते बघून अर्थमंत्र्यांकडचे चार जण माघारी यायचे आणि ह्यांना गृहखातं मिळायचं, असा सगळा बेत होता. राजकारणात असा राजीनामा देतात म्हणे. थोरल्यांनाही ते समजत होतं, दोन दिवसांत परत करणारही होते. पण त्यांच्या टेबलावर तुमचं पत्रक येऊन पडलं. तुमच्याकडच्या पक्षाच्या चिटणीसानं स्वतः नेऊन दिलं. थोरले ह्यांना म्हणाले, "तिकडे स्वागताची तयारी झालेली दिसते. मग मी आडवा कशाला येऊ?" आणि सही केली. ह्यांचं बांधकाम खातं त्याच संध्याकाळी दुसऱ्याला दिलं.

ह्यांनी पत्रक बघितल्याबरोबर ओळखलं. त्यांच्या नावातल्या एका अक्षराचा कोपरा उडालेला आहे, लहानपणी ह्यांच्याच हातून तो खिळा पडला होता म्हणे. एवढंही तुमचंच निघालं.

झालं समाधान? घ्या आता कायमचे.

*

छापखाना
२४ फेब्रुवारी

चि. सौ. बाईसाहेबांस.

मी काय केलं ते मला कळतं. तू शिकवू नकोस. पत्रक मी वाटलं नव्हतं, कुठं चिकटवलंही नव्हतं. मोजक्या प्रती काढून दोरीवर वाळत टाकल्या होत्या. चिटणीस पावतीपुस्तकं न्यायला आला आणि त्यानं डोकावून पाहिलं. हल्ली कुणाच्या घरात जाऊन काय बघावं याची लोकांना रीत राहिलेली नाही.

पण एक सांग. बेत होता, हे तुला कधी कळलं? चार तारखेच्या पत्रात तर चिखलातून बाजूला होणार होता. मुद्देसूद सांगितलं होतं ना? मग परत घ्यायचाच राजीनामा आहे हा मुद्दा तेवढा कसा राहिला? तुला माहीत असतं आणि तू एक ओळ लिहिली असतीस, तर मी खिळ्यांना हात लावला नसता. आणि माहीत नसेल, तर मग कुठल्या तोंडानं मला हिणवत होतीस?

चार दिवस झाले, मशीन बंद आहे. कामगारांना सुट्टी दिली. मी नुसती बसून आहे. तो माझ्याबद्दल काय म्हणाला ते लिही. चिडला असेल तर तसं लिही. काहीच म्हणाला नसेल तर तेही लिही.

*

सरकारी बंगला
१ मार्च

ती. वन्सं यांना नमस्कार.

काहीच म्हणाले नाहीत. तुमच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल नाही, थोरल्यांबद्दलही नाही. आज सकाळी बॅग भरली आणि "आक्काकडे जाऊन येतो" म्हणाले. मी म्हटलं, एवढं होऊनही तिकडेच? तर म्हणाले, "जायला दुसरं कुठं आहे?" मी दारातच उभी होते, वन्सं. बंगला अजून आमच्या ताब्यात आहे, मी त्यात आहे, आणि ह्यांना जायला दुसरं कुठं नाही.

म्हणजे तुम्ही जिंकलात. आता नीट सांभाळा. रक्तदाबाची पांढरी गोळी सकाळी, अर्धी रात्री. अर्धी करायची सुरी पाकिटातच ठेवली आहे, दातानं तोडू देऊ नका. उजव्या कानानं कमी ऐकू येतं, ते कुणाला सांगितलेलं नाही. सभेत मी नेहमी त्याच बाजूला बसायचे आणि कोण काय म्हणतंय ते ह्यांच्यापुढे झुकून डाव्या कानाशी सांगायचे. फोटोत मी पुढे का असते, ते आता कळलं असेल.

मी इथं खोके भरते आहे. फर्निचर सरकारी, पडदे आपले. शिपाई अजून बाईसाहेब म्हणतात, पण हाक मारली की दुसऱ्या हाकेला येतात.

ह्यांना वेगळं पत्र लिहीत नाही. काय लिहू? आता तिकडे तुम्ही आहात.

*

छापखाना
८ मार्च

चि. सौ. बाईसाहेबांस आशीर्वाद.

बाळ पोचला. वेशीवर कुणी नव्हतं. चिटणीसानं तर त्याला बघून रस्ता बदलला.

वरच्या खोलीत झोपतो, सकाळी खाली येतो आणि खिळ्यांच्या केसपाशी, म्हणजे खणांच्या पेटीपाशी, बसतो. जुनी पत्रिकेची जुळणी पडून होती, ती सोडवून एकेक अक्षर ज्याच्या त्याच्या खणात टाकत असतो. चुकतो. मी मागून येऊन दुरुस्त करते. पहिल्या रात्रीनंतर गोळीची सुरी त्यानं मला लावू दिली नाही, म्हणाला, "ती बरोबर मधोमध करते." मी मधोमधच केली होती. आमटी केली, तर जेवताना म्हणतो, "तिकडे जरा आंबट असते." इतकी वर्षं तुझ्याकडे माझी आमटी आठवली आणि इथं बसून तुझी. मी वाटी उचलून आत गेले, दुसरं काय करणार?

आणि टपालवाल्याची वाट बघतो. दुपारी दार वाजलं की हातातला खिळा हातात राहतो. "माझं काही आहे?" विचारतो. नाही म्हटलं की पुन्हा खाली बघतो. मला काय होत असेल, तुला सांगायला नको, तुला ते चांगलं माहीत आहे. तो माझ्या घरात आहे आणि मी जळते आहे.

परवा केसवरून मान वर न करता म्हणाला, "आक्का, मी तुला काही सांगितलं होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही."

"मग?"

मी त्याच्यापुढचा चुकलेला खिळा उचलून बरोबर खणात टाकला. तुला सांगते, कारण आता दुसरं कुणाला सांगायचं? तो पुलाच्या उद्घाटनाला आला, पाच मिनिटं उभ्याउभ्या थांबला, मी कागदवाल्याशी भांडत होते. कागदाच्या गठ्ठ्यावर तो शेवटचा बसला तेव्हा अर्ध्या चड्डीत होता. त्यानं मला काहीही सांगितलं नव्हतं. तुझं पत्र आलं, त्यात 'आधी घरात' वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

चिटणीसानंही डोकावलं नव्हतं. तो म्हणाला, "आतली गोष्ट वहिनीसाहेबांनाच ठाऊक असणार, आपल्याला इथं कोण सांगतो?" मी उठले, दोरीवरून पत्रक काढलं आणि त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "बघ, मला आधी ठाऊक होतं."

त्याला एक पत्र लिही. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी लिही.

तुझी वन्सं

*

रिकामा बंगला
१२ मार्च

ती. वन्सं,

तुमचं पत्र खोक्यावर बसून वाचलं. खुर्च्या काल नेल्या.

मलाही सांगितलं नव्हतं.

चहा नाही, साय नाही. हे दाढी करताना आरशासमोर बोलत होते, "साहेब, मला मोकळं करा, मला मोकळं करा." एकदा हात जोडून, एकदा मान खाली घालून. मी टॉवेल द्यायला गेले होते, दाराआडून ऐकलं. सराव करताहेत हे दिसत होतं, आणि तरी मला शंका आली नाही. मला एवढंच सुचलं, की ही बातमी वन्संच्या आधी मला कळली आहे, आता पत्र लिहिते.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण तुम्ही लिहिलंत तर मीही लिहिते. सही करायच्या आधी थोरल्यांनी बंगल्यावर फोन केला होता. हे तेव्हा मंत्रालयात होते. थोरले म्हणाले, "वहिनी, हे पत्रक माझ्यासमोर आहे. खरं सांगा, तो मनापासून जातोय का? तुमच्याशी काही बोलला असेलच." मला ठाऊक नाही, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी ह्यांना बोलावून विचारलं असतं. पण त्याच सकाळी तुमचं पाकीट आलं होतं. तेच पत्रक माझ्याही हातात होतं. कायमचे घरी. त्यांच्या बहिणीला माहीत आणि बायकोला माहीत नाही, असं कुणाला सांगायचं? मी म्हटलं, "हो, माझ्याशी सगळं बोलूनच ठरवलंय. विचार पक्का आहे."

वन्सं, सही तुमच्या पत्रकामुळे झाली असं मी तुम्हाला लिहिलं. अर्धंच लिहिलं.

ह्यांना हे कळलं तर काय होईल, मला कळत नाही. तुमच्या हातात आहे. सांगा किंवा सांगू नका. तुम्ही सांगितलंत तरी माझी तक्रार नाही, माझी पाळी होती तेव्हा मी काही कसर ठेवली नव्हती. किल्ल्या दिल्या की मी तिकडे येणार आहे. दारात उभी केलीत तर आत येईन.

मफलर धोब्याकडे हरवला नव्हता. माझ्या कपाटात होता. येताना आणते.

*

छापखाना
१५ मार्च

अगं बये,

पत्र आलं तेव्हा बाळच दारात होता. पाकीट त्याच्याच हातात पडलं. तुझं अक्षर बघून चेहरा उजळला, मग वर माझं नाव वाचलं आणि तोंड एवढंसं झालं. तिथंच उभा राहिला. मी वाचत होते आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "काही नाही. आमचं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"म्हणजे आमच्या दोघींचं."

"माझ्याबद्दल आहे?"

मी पत्राची घडी घातली आणि कनवटीला लावली. तो केसपाशी जाऊन बसला, पण एक खिळा धड खणात टाकला नाही. थोड्या वेळानं पुन्हा आला. म्हणाला, "एवढी मोठी चार पानं तिनं तुला लिहिली आणि मला चार ओळी नाहीत? काय आहे असं, की तुला सांगते आणि मला सांगत नाही?"

माझ्याकडून त्याला कधीच काही कळणार नाही. पत्र चुलीत घातलं.

दुपारपासून फुगून बसलाय. चहा घेतला नाही. मशीन आजपासून सुरू केलं, त्याचा आवाज होतो म्हणून कुरकुरतोय. त्याच्या उजव्या बाजूला बसायला इथं कुणी नाही, मला ते जमत नाही. किल्ल्या देऊन लवकर ये.

मी विणलेला नवा मफलर पूर्ण झालाय. जुना त्याला राहू दे. नवा तुला.

तुझी
आक्का